शेवटच्या वर्षाचं कलेक्शन हातकामावर करायचंय? खान्देशात सुरुवात अशी करा

मी जळगावात फॅशन डिझाइनच्या मुलामुलींना पॅटर्न कटिंग शिकवते. माहेर चाळीसगावचं, त्यामुळे कन्नड घाटाच्या पायथ्याचे बंजारा तांडे लहानपणापासून बघितलेले. शेवटच्या वर्षाच्या कलेक्शनसाठी पारंपरिक हस्तकला हा विषय दर वर्षी कुणी ना कुणी घेतंच, आणि घ्यावाच. पण विषय मंजूर झाला की बहुतेक जण आधी मूडबोर्ड करतात, मग स्केचेस, मग कापडखरेदी, आणि जानेवारी उजाडला की भरतकाम करून देणारं कुणी मिळतंय का ते शोधायला निघतात. माझा क्रम उलटा आहे. आधी काम करणारं माणूस आणि त्याचा हंगाम, मग टाका, मग कापड, मग कट. स्केच सगळ्यात शेवटी. टाक्याला जेवढं कापड, जेवढं वजन आणि जेवढा वेळ लागतो, त्यातूनच कपड्याचा आकार ठरतो. आकार आधी ठरवून टाका नंतर चिकटवला, तर रॅम्पवर ते ठिगळ वाटतं आणि ज्युरीला ते पहिल्या नजरेत कळतं.

आधी हंगाम बघा

आपल्याकडे सगळ्यात जास्त मागणी बंजारा भरतकामाला असते, म्हणून त्याचंच उदाहरण घेते. चाळीसगाव, पाचोरा, पारोळा या भागातल्या कितीतरी तांड्यांवरची कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत, तांड्यावर म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं तेवढी असतात. जे ऊसतोडीला जात नाहीत त्यांची ऑक्टोबरपासून कपाशीची वेचणी सुरू होते. वेचणीच्या दिवसांत बायकांची बोटं जवळून बघा. बोंडांच्या वाळलेल्या टोकांनी नखांच्या कडेला ओरखडे पडलेले असतात, कातडी खरबरीत झालेली असते आणि बारीक दोरा त्या कातडीत अडकतो. अशा हातांकडून फेब्रुवारीतल्या तुमच्या डेडलाइनसाठी आरसेकाम मागणं मला पटत नाही, आणि मागितलं तरी ते वेळेत होत नाही.

म्हणून तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपली की लगेच, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास, पहिली भेट घ्या. तोडीला गेलेली कुटुंबं परतलेली असतात आणि शेताची कामं सुरू व्हायची असतात. जूनमध्ये पेरणीच्या धांदलीत कुणालाही त्रास देऊ नका. जुलै-ऑगस्टमध्ये झड लागली की शेतात पाय ठेवता येत नाही, निंदणी थांबते, बायका घरात असतात. नमुने तेव्हा करून घ्या. पोळा झाला की मोठं काम द्या आणि दसऱ्यापर्यंत ते हातात घ्या. दिवाळीनंतरचे महिने शिलाई, फिटिंग आणि फोटोंसाठी तुमचे. हे वेळापत्रक जूनमध्येच लेखी स्वरूपात गाईडच्या हातात द्या. कॉलेजच्या कॅलेंडरप्रमाणे नमुने नोव्हेंबरमध्ये दाखवायचे असतात, पण तुमचं काम तेव्हा जवळजवळ पूर्ण झालेलं असेल. त्याला कुणी हरकत घेत नाही.

एकच हातकाम धरा

एका कलेक्शनमध्ये बंजारा टाका, पैठणीचा काठ, वारलीची चित्रं आणि इकतचं जॅकेट अशी सरमिसळ मी बघितली आहे. प्रत्येक गोष्ट आपल्या जागी सुंदर, पण एकत्र आली की कशाचाच अभ्यास झालेला नाही हे उघडं पडतं. मुख्य हातकाम एक. दुसरं घ्यायचंच असेल तर ते साध्या कापडाच्या रूपात, आवाज न करता.

घराजवळ काय आहे ते आधी मोजा. जळगाव जिल्ह्यात बंजारा भरतकाम आहे. गोधडी तर प्रत्येक घरात आहे. तापीकाठचा कापूस आहे, रावेर-यावलच्या केळीच्या खोडाचा धागा आहे. नंदुरबारकडच्यांसाठी सातपुड्याच्या पलीकडे, शहादा-खेतिया-बडवानी-कुक्षी अशा वाटेनं गेलं की धार जिल्ह्यातलं बाग गाव आहे. तिथले छापे बघायचे असतील तर पूर्ण प्रक्रिया बघूनच या. कापडाला एरंडेल, खारा (क्षार) आणि शेळीची लेंडी लावून मळणं, हिरड्यात बुडवणं, तुरटीचा लाल आणि लोखंडाचा काळा छापणं, वाहत्या नदीत धुणं, शेवटी तांब्याच्या भांड्यात अलिझरीन (लाल रंगाचं द्रव्य) आणि धावड्याच्या फुलांबरोबर उकळणं. यातली एक पायरी चुकली तर लाल रंग विटकरी पडतो. हे समजून घेतलेला विद्यार्थी त्या कापडाला पॉलिएस्टरचं अस्तर लावणार नाही.

एका गोष्टीला मात्र मी ठाम नाही म्हणते. अक्कलकुवा-धडगावच्या होळीत बुध्या होऊन नाचणाऱ्यांचा वेश, कमरेचे भोपळे आणि घुंगरू, मोरपिसांचा टोप, अंगावरचे रंगाचे ठिपके, याची नक्कल रॅम्पवर आणू नका. तो वेश व्रताचा आहे. तो घेणारा माणूस होळीच्या दिवसांत कडक नियम पाळतो. पावरा आदिवासी बायकांच्या चांदीच्या दागिन्यांचा अभ्यास करा, तिथल्या बांबूकामाकडून वीण शिका, पण नवसाचा वेश त्या माणसाकडेच राहू द्या.

वस्तू उलटी करून बघा

विषय ठरला की जुनी वस्तू हातात घ्या. पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. अहमदाबादचं कॅलिको म्युझियम ऑफ टेक्स्टाइल्स 1949 पासून आहे, पण तिथे आधी नोंदणी केल्याशिवाय प्रवेश नसतो, हे लक्षात ठेवून महिनाभर आधीच अर्ज करा. आणि काचेआड बघितलेलं पुरत नाही. तांड्यावरच्या एखाद्या आजीच्या पेटीतली कांचळी (चोळी), फेटिया (घागरा) किंवा कोथळी मांडीवर ठेवायला मिळाली तर तो खरा अभ्यास.

कोथळीचंच बघू. ही बंजारा बायकांची छोटी पिशवी. समोरून बघितली तर आरसे, कवड्या आणि रंगीत गोंडेच डोळ्यांत भरतात. ती उलटी करा, शिवण शोधा. एक चौकोनी कापड आहे. त्याचे तीन कोपरे मध्याकडे दुमडून एकमेकांना शिवले आहेत, चौथा कोपरा मोकळा, तोच झाकण. कात्री जवळजवळ लागलेलीच नाही आणि कापडाची एक चिंधी वाया गेलेली नाही. कोपरे जिथे मिळतात तिथे ओढ सगळ्यात जास्त येते, म्हणून तिथेच कवड्या दाट आणि टाका घट्ट. सजावट वाटत होती ती मजबुतीसाठी आहे. आता फेटिया बघा, तोही सरळ आयतांचाच. घेर चुण्यांतून येतो, कमरेला आणि खाली भरलेल्या पट्ट्या. कांचळीची पाठ उघडी, बंद मागे, आणि भरतकामाचा सगळा भार छातीवर आणि बाह्यांवर.

यातून पॅटर्नसाठी तीन नियम मिळतात. चौकोन आणि आयत यांतूनच कपडा उभा करायचा. उरेब, म्हणजे तिरकं, कापायचं नाही, कारण उरेब कापडावर मोजून भरलेला टाका ओढला जातो. भरलेला भाग जिथे ताण येतो तिथे ठेवायचा. एवढ्या नियमांत जॅकेट बसतं, काखेत चौकोनी तुकडा घातलेला कुर्ता बसतो, पॅनलची पँट बसते. माझ्या एका विद्यार्थिनीनं कोथळीची घडी मोठी करून जॅकेटच्या पाठीला लावली. तीन कोपरे मणक्यावर मिळतात आणि चौथा मागे कॉलरसारखा पडतो. त्या जॅकेटवर मोर नव्हता, कमळ नव्हतं, तरी बघणाऱ्याला तांडा आठवला.

टाक्यांचाही नकाशा काढा. भिंग घेऊन प्रत्येक टाका उलट्या बाजूनंही बघा आणि कागदावर मोठा करून काढा. आमच्या भागात धागे मोजून टाकलेला फुली टाका बराच दिसतो, त्याच्या जोडीला साखळी, काजाचा टाका, उलटी टीप. आरसा बसवताना आधी दोन उभे आणि दोन आडवे दोरे टाकून आरशाला चौकटीत धरतात. मग त्या चौकटीवरून गोल फिरत काजाचा टाका घालतात, तशी चौकट बाहेर ओढली जाते आणि कड गोल होते. हे स्वतःच्या हातानं करून बघा. तुम्हाला ते सुबक जमण्याची गरज नाही, पण एका आरशाला किती वेळ लागतो हे कळल्याशिवाय मजुरीबद्दल तोंड उघडू नका. कर्नाटकात संदूरच्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन आहे. नातं जवळचं असलं तरी आपल्याकडच्या कामाला ते नाव लावता येणार नाही. 1999 च्या कायद्याप्रमाणे मानांकनाचं नाव नोंदणी झालेल्यांनाच वापरता येतं. फाईलमध्ये तांड्याचं आणि तालुक्याचं नाव लिहा.

कापड, वजन आणि आवळणं

जॉर्जेटवर बंजारा काम करून आणलेलं कुणी दाखवलं की मला वाईट वाटतं, कारण बाईंची मेहनत त्यात लटकून फाटते. या टाक्याला जाड, सम विणीचं सुती कापड लागतं. खादी भांडारातली जाड खादी किंवा केसमेंट चांगलं. सरावासाठी मॅटीचं कापड चालेल. उभे आणि आडवे धागे सारख्या जाडीचे हवेत, नाहीतर फुली चौकोनी न राहता लांबुळकी होते. बोटभर कापडात दोन्ही बाजूंचे धागे मोजा, मगच विकत घ्या. पन्हाही बघा. खादीचा पन्हा बरेचदा 36 इंच असतो आणि तुमचे आयत त्यातच बसवायचे आहेत.

कापड आणल्यावर रात्रभर पाण्यात भिजवा, दोनदा धुवा, वाळवा, मग इस्त्री. खादी पहिल्या धुण्यात आटते आणि भरून झाल्यावर आटली तर आरसे उचलले जातात. रंगीत दोऱ्याचीही परीक्षा घ्या. ओल्या पांढऱ्या चिंधीवर लाल आणि काळा दोरा घासा. रंग उतरला तर ती लडी बाजूला ठेवा. मीठ-व्हिनेगरनं पक्का होईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आता सगळ्यात महत्त्वाची चाचणी. कापडावर 6 इंचांचा चौकोन पेन्सिलीनं आखा आणि तो पूर्ण भरून घ्या. भरल्यावर परत मोजा. दाट टाक्यानं कापड आवळतं आणि चौकोन पावणेसहा किंवा साडेपाच इंचही होतो. पावणेसहा झाला असेल तर 12 इंचांच्या भागासाठी आखणी साडेबारा इंचांची करावी लागेल. आणि आवळणं उभ्या-आडव्या दोन्ही दिशांना वेगळं असू शकतं, दोन्ही मोजा. म्हणूनच आधी कापून मग भरायचं नाही. अख्ख्या कापडावर पॅटर्नची कड कच्च्या टाक्यानं आखायची, चारही बाजूंनी 2 इंच जास्त सोडायचे, भरून आलं की परत पॅटर्न ठेवून कापायचं. शिलाईच्या रेघेपासून आत अर्धा इंच एकही आरसा नको. मशीनच्या पायाला जागा लागते, आणि सुई आरशावर पडली की सुई, आरसा आणि तुमचा दिवस, तिन्ही मोडतात.

हाच भरलेला चौकोन किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवा, शेजारी तेवढ्याच साध्या कापडाचं वजन करा. फरक म्हणजे भरतकामाचं वजन. हे कळलं की मांजरपाटाच्या टॉयलवर, म्हणजे चाचणीसाठी शिवलेल्या कच्च्या कपड्यावर, त्या-त्या ठिकाणी तेवढ्या वजनाचे लोखंडी वॉशर टाचा आणि टॉयल मुलीच्या अंगावर चढवा. पुढचा भाग खाली ओढला जातो, मागची मान वर चढते, खांद्याची शिवण पुढे सरकते. हे सगळं ऑगस्टमध्ये, मांजरपाटावर दिसलं पाहिजे. मग मागच्या पॅनलला अस्तरात वजन द्या, किंवा खांद्याच्या आत सुती पट्टी शिवून भार तिच्यावर घ्या. जुन्या कांचळीत भरलेल्या भागामागे कापडाचा दुसरा थर असतो, तो याच कामासाठी.

तांड्यावर

एकट्यानं, कॅमेरा गळ्यात घालून जाऊ नका. अंगणवाडी सेविका, आशाताई किंवा शाळेतले गुरुजी यांच्यापैकी कुणाच्या तरी ओळखीनं जा. नायकाला, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाला, भेटा, काय करायचंय ते साध्या मराठीत सांगा. वयानं मोठ्या बाईंना याडी, म्हणजे आई, म्हणा. पहिल्या भेटीत काहीही विकत घेऊ नका, बसा, चहा घ्या, पेटी उघडली तर बघा. बहुतेक ठिकाणी तरुण मुली साडी किंवा ड्रेस घालतात आणि टाका हातात असतो तो आजीच्या. तिचे डोळे थकलेले असतात. नातीनं दोरा ओवून द्यायचा आणि आजीनं भरायचं, अशी जोडी जमली तर तुमचं कामही होतं आणि नात टाकाही बघते. सुया आणि चांगल्या उजेडाचा एक दिवा तुमच्याकडून न्या.

जुनी कांचळी विकत घेऊन तिचे तुकडे जॅकेटवर लावायचा मोह होईल. कृपा करून कापू नका. जुनं काम गोळा करून त्याचे तुकडे पिशव्या आणि उशांवर लावून विकण्याचा धंदा वर्षानुवर्षं चालू आहे आणि त्यामुळे पेट्या रिकाम्या झाल्या आहेत. नवं काम करून घ्या, जुनं त्यांच्याकडेच राहू द्या.

काम देताना मोबाईलवरचं चित्र दाखवून असंच हवं म्हणू नका. पॅटर्नच्या मापाचा ब्राउन पेपर कापून न्या, भरायचा भाग खडूनं दाखवा, रंगांच्या लड्या ठरवून द्या, आरसे कुठे चालतील आणि कुठे नाहीत ते सांगा. त्या हद्दीत कोणता टाका कुठे घ्यायचा हे तिला ठरवू द्या. एखाद्या याडीनं तुमच्या आखणीला बाजूला सारून कड दुप्पट जाड केली तर आधी विचारा का केली. उत्तर बहुतेक वेळा शिवणीच्या ताणाशी जाऊन मिळतं आणि तुमचा पॅटर्न सुधारतो.

मजुरी नगावर ठरवू नका, वेळावर ठरवा. समजा 4 इंच बाय 4 इंचांचा नमुना घड्याळ लावून 5 तासांत झाला. म्हणजे 16 चौरस इंचांना 5 तास. पुढचा योक (खांद्यालगतचा तुकडा) 10 बाय 6, म्हणजे 60 चौरस इंच. तर जवळपास 19 तास. घरचं आणि शेतातलं आवरून बाईला दिवसाला 3 तास मिळत असतील तर एका योकला साधारण आठवडा. आता गावातली निंदणीची रोजंदारी विचारा, ती किती तासांची ते विचारा, त्यावरून तासाचा दर काढा आणि कुशल कामाचे म्हणून त्याहून वरचा दर द्या. निंदणीला जो दर मिळतो त्याहून कमी दरात भरतकाम करून घेणारं कलेक्शन माझ्या हाताखालून मंजूर होत नाही. हिशोब दोन वह्यांत लिहा, एक त्यांच्याकडे, एक तुमच्याकडे. निम्मे पैसे आगाऊ, उरलेले काम हातात घेताना, तिथल्या तिथे. सहा पेहरावांचा खर्च यात बसत नसेल तर भरलेले पेहराव तीन करा आणि बाकीचे साध्या खादीत, त्याच चौकोनांच्या कटमध्ये. कलेक्शन त्यानं कमी होत नाही, उलट नजरेला विसावा मिळतो.

फोटो काढायच्या आधी विचारा, आणि फाईलमध्ये नाव छापायचं का तेही. नाव द्यायला त्या तयार असतील तर ते पहिल्या पानावर, तुमच्या नावाखाली. हस्तकला विभागाचं पहचान कार्ड कारागिरांना मिळतं. कुणाकडे नसेल आणि हवं असेल तर अर्ज भरायला मदत करा. कागदपत्रं जमवणं हे तुमच्यासाठी एका दुपारचं काम आहे.

ज्यांना फिरणं जमत नाही त्यांनी गोधडी घ्यावी

गोधडीवर केलेली कलेक्शन्स मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतात. कारागीर घरातच असते, आई, आजी, काकू. साहित्यही घरातच, मऊ झालेली सुती लुगडी आणि पातळं. तरी हे काम सोपं समजू नका. जुनं कापड कुठे विरलंय ते उजेडासमोर धरून बघा, विरलेला भाग आतल्या थरात घाला. झोपायच्या गोधडीला चार-पाच थर असतात, अंगावरच्या कपड्याला दोनच पुरे, फार तर तीन. थर जमिनीवर पसरून, सुरकुती काढून, कच्चे टाके घालून घ्या. मग कडेनं सुरू करून आत आत येत धावदोरा. पारोळ्याकडच्या एक आजी माझ्या विद्यार्थ्यांना शिकवायला येतात, त्या प्रत्येकाच्या पाठीमागे उभं राहून एकच सांगतात, "दोरा ताणू नको पोरी, कापड रडस." ताणलेल्या दोऱ्यानं कापडावर चुण्या पडतात आणि त्या इस्त्रीनं जात नाहीत.

धावदोऱ्याच्या ओळी कपड्याच्या आकाराप्रमाणे वळवता येतात, हे गोधडीचं बळ. कोपरावर ओळी विरळ ठेवल्या तर बाही वाकते, खांद्यावर दाट ठेवल्या तर खांदा उभा राहतो. डार्ट (आकारासाठी शिवलेली चुणी) न घेता छातीचा आकार ओळींच्या अंतरातून काढता येतो. यावर एक पूर्ण महिना दिला तरी थोडा. मशीनची टीप इथे घालू नका. ती कापडाला सगळीकडे सारखीच दाबते आणि गोधडीचा फुगीर मऊपणा जातो.

केळीबद्दल थोडक्यात. केळीच्या बागेत काम करणाऱ्यांच्या कपड्यांवर चिकाचे तपकिरी डाग असतात, ते कधीच निघत नाहीत. तोच चीक रंग म्हणून वापरता येतो. ताज्या खोडाचा चीक ब्रशनं सुती कापडावर लावा, उन्हात ठेवा, हळूहळू तपकिरी होत जातो. छटा दर वेळी वेगळी येते, म्हणून एका पेहरावाचं सगळं कापड एकाच दिवशी, एकाच खोडाच्या चिकानं रंगवा. खोडाचा धागा मात्र अंगाला टोचतो. सुती ताण्यात आडवा धागा म्हणून विणून त्याचं बाहेरचं जॅकेट करा, अंगालगत नको.

शिलाई, फाईल, प्रवास

भरलेल्या कापडावर कात्री चालवण्याआधी कापायच्या रेघेच्या आत मशीनची एक टीप मारून घ्या, दोरे सुटत नाहीत. शिवणींना आतून सुती गोट लावा. ओव्हरलॉक चालतं, पण ज्युरी कपडा उलटा करून बघतात आणि तेव्हा गोट बोलतो. सुरतेहून आणलेली झगमगती लेस कडेला लावायचा विचार येईल. लावू नका, तिच्या शेजारी हाताचा टाका मळका दिसतो.

फाईलमध्ये मूडबोर्डपेक्षा नमुन्यांना जास्त पानं द्या. आखलेला 6 इंचांचा चौकोन, आवळलेला चौकोन, वजनाची नोंद, वॉशर टाचलेल्या टॉयलचा फोटो, मजुरीच्या वहीची प्रत. ज्युरी हमखास विचारतात की यात तुमचं स्वतःचं काय? पॅटर्न दाखवा. कोथळीची घडी कागदाच्या तुकड्यावर त्यांच्यासमोर घालून दाखवा आणि तीच घडी कपड्यावर कुठे आली ते बोट ठेवून सांगा. भरतकाम कुणी केलं ते नावानं सांगा.

इस्त्री उलट्या बाजूनं, खाली जाड टॉवेल घालून, आरशांवर दाब न देता. शो मुंबईत किंवा पुण्यात असेल तर भरलेले कपडे घडी घालून नेऊ नका. आरसा घडीवर आला की तडकतो. जुन्या सुती साडीत गुंडाळून, प्लंबरकडच्या जाड पीव्हीसी पाइपवर सैल गुंडाळी करा, भरलेली बाजू बाहेर ठेवा. दोन टोकांना बांधा, डब्यात वरच्या बर्थवर आडवं ठेवा. बरोबर सुई, त्याच रंगांच्या लड्या आणि मूठभर जादा आरसे घ्या. आरसे घेतानाच तांड्यावरून तेवढे जास्त मागून ठेवायचे.